कचऱ्याबरोबर गेलेलं पत्र

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की आमचं कोन लागतं. पुढे भिवंडी, म्हणजे यंत्रमाग आणि गोदामं. मी इथल्या काही मालवाहतूकदारांचे हिशेब लिहितो आणि आम्हा बारा-पंधरा जणांचा एक छोटा मेल सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे घरात ठेवलेलं धूड नव्हे. घरगुती इंटरनेट जोडणीवरून आलेली मेल मोठ्या कंपन्या बहुधा दारातूनच परत पाठवतात, म्हणून डेटा सेंटरमधलं एक यंत्र महिन्याच्या भाड्यानं घेतलंय. ‘फुकट मिळतं ते सोडून हा उद्योग कशाला?’ असं घरचे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपला पत्ता आपल्या हातात असावा, एवढंच माझं उत्तर. ज्याला त्यासाठी नियमानं वेळ देणं जमणार नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

पत्ते सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत कचरा येऊ लागला. लॉटरी, स्वस्त औषधं, बिनव्याजी कर्ज, ‘तुमचं खातं बंद होत आहे’ अशा धमक्या. प्रकार जुनाच आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुएर्क या अमेरिकन विक्रेत्यानं आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तीच पहिली स्पॅम मेल मानतात.

मी ‘स्पॅमअसॅसिन’ ही २००१ पासून चालत आलेली मोफत चाळणी बसवली. तिची रीत परीक्षकासारखी. प्रत्येक मेलवर शेकडो कसोट्या लावायच्या आणि दोषाला गुण द्यायचे. विषय सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, इतके गुण. मजकूर नाही, नुसतं चित्र, इतके. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. ही चाळणी स्वतः काही फेकत नाही, फक्त शिक्का मारते. फेकण्याचा नियम मी लिहिला. पाचाच्या वर गेलेली मेल परस्पर नष्ट. दोन आठवडे पेट्या स्वच्छ होत्या आणि मी खूश होतो.

मग एका संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. ‘काका, मुलाखतीची मेल आज येईल, उद्या येईल म्हणत होते. काही आलंय का बघता?’ सर्व्हरच्या नोंदवहीत ती सापडली. आठ दिवसांपूर्वी आलेली, गुण ५.३, नष्ट. पाठवणाऱ्यांनी कंपनीच्या बोधचिन्हाचं मोठं चित्र आणि खाली दोन ओळी, अशी ती मेल केली होती. मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. त्यानं फोन केला, पण जागा भरली होती. ‘असू द्या काका,’ म्हणाला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पाठवणाऱ्याला वाटत होतं मेल पोचली, याला वाटत होतं आलीच नाही आणि मधे बसून मी दोघांनाही काही कळवलं नव्हतं.

त्यानंतर मांडणी बदलली. नाकारायचंच असेल तर दारात, म्हणजे मेल स्वीकारण्याआधी नाकारायचं. मग पाठवणाऱ्या सर्व्हरला लगेच कळतं आणि खऱ्या माणसाकडे ‘पोचली नाही’ अशी सूचना जाते. आधी स्वीकारून मागाहून परत पाठवणंही चूक, कारण स्पॅमवरचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि ती परतीची मेल तिसऱ्याच निरपराध माणसाच्या पेटीत पडते. दारात मी फक्त उघड लबाडांना अडवतो. त्यासाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या याद्या आहेत.

दुसरी युक्ती २००३ पासून प्रचारात आली. अनोळखी सर्व्हरला ‘आत्ता नाही, थोड्या वेळानं या’ म्हणायचं. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम ओतणारी यंत्रं सहसा थांबत नाहीत. मी ती लावली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्या एकाचा बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर पोचला. काढून टाकली.

आत आलेल्या संशयित मेल आता नष्ट होत नाहीत, वेगळ्या कप्प्यात पडतात. खरा फरक पडला तो चाळणीला शिकवल्यानं. १८व्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्लिश पाद्र्याचं संभाव्यतेचं गणित इथं कामी येतं. (पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ मधल्या लेखानं ही पद्धत गाजवली.) कोणता शब्द चांगल्या मेलमध्ये किती वेळा येतो आणि कचऱ्यात किती वेळा, याचा हिशेब यंत्र ठेवतं. आता ‘इन्व्हॉइस’, ‘पेमेंट’, ‘अर्जंट’ हे शब्द जगभरच्या कचऱ्यात सापडतात, पण आमच्या वाहतूकदाराचा दिवसच त्यांनी सुरू होतो. परक्याच्या पत्रांवर शिकलेली चाळणी इथं फसणारच. म्हणून आपली स्वतःची पत्रं द्यावी लागतात. किमान २०० चांगली आणि २०० कचऱ्याची दिल्याशिवाय हा भाग बोलतच नाही. लोक नुसता कचरा दाखवतात, चांगली पत्रं दाखवायला विसरतात. मीही विसरलो होतो. मराठी मेलसाठी डिसेंबर २०२२ मध्ये आलेली चौथी आवृत्ती घ्यावी. इंग्रजीखेरीज इतर भाषांचा मजकूर ती पहिल्यांपेक्षा बराच नीट हाताळते.

आपणच दुसऱ्याच्या चाळणीत अडकू नये यासाठी आपल्या मेलची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदीही कराव्या लागतात. एकदाच करायचं काम आहे, पण टाळता येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू त्याबाबत कडक झाले आहेत.

संशयितांचा कप्पा मी आता दर रविवारी सकाळी चहाबरोबर उघडतो. शेजारचा तो मुलगा पुढे ठाण्यात नोकरीला लागला. पत्ता अजून आमच्याच सर्व्हरवर आहे. गेल्या रविवारी त्या कप्प्यात त्याच्या नावाची एक लग्नपत्रिका पडली होती, नुसतं चित्र, मजकूर नाहीच. गुण ५.१. ती त्याच्या पेटीत टाकली आणि चाळणीला चांगलं पत्र म्हणून दाखवली.