रेघ बेकरची, सही दुसऱ्याची

अमेरिकेतल्या कॉमिक्स व्यवसायाने 2009 साली आपल्या मानाच्या ‘आयस्नर हॉल ऑफ फेम’मध्ये ज्यांना जागा दिली, त्या यादीत जेरी आयगर आणि मॅट बेकर ही दोन नावे एकदमच आली. आयगर हा मालक. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या स्टुडिओतून वेगवेगळ्या प्रकाशकांना अख्खे अंक तयार करून जात. बेकर हा त्याच्याकडे 1944 मध्ये कामाला लागलेला बावीस वर्षांचा चित्रकार. मालकाचे नाव इतिहासात राहण्यात नवल नाही, ते दारावरच्या पाटीवरच होते. बेकर मात्र 11 ऑगस्ट 1959 रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला तेव्हा त्याने काढलेली हजारो पाने कुणाची, हे सांगणारी एकही धड यादी कुणाकडे नव्हती. मालकाच्या पंक्तीला नोकराचे पान मांडले जायला मध्ये पन्नास वर्षे गेली. ते मांडले चाहत्यांनी आणि त्याच्या घरच्यांनी मिळून. माझे म्हणणे असे की, यातला कुठलाही एक पक्ष एकटा पुरला नसता. आणि या दोघांच्या साक्षीला सरसकट सारखे वजन देणे ही चूक ठरेल. कुणाचे काय मानायचे, हे ठरवण्यातच अशा सन्मानाचा खरा कस लागतो.

नाव बुडाले कसे, ते आधी पाहू, कारण त्यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. त्या काळी कॉमिक्सचा धंदा कारखान्यासारखा चाले. एकजण पेन्सिलीने आकृती काढी, दुसरा त्यावर शाई चढवी, तिसरा अक्षरे लिही, आणि पानामागे ठरलेले पैसे हातावर पडले की त्या पानावरचा प्रत्येकाचा हक्क संपे. लेखक-चित्रकाराचे नाव छापायचेच झाले, तर ते पुष्कळदा बनावट छापले जाई. फॉक्स या प्रकाशनासाठी बेकरने 1947 पासून ‘फँटम लेडी’ रंगवली, पण त्या गोष्टींवर ‘ग्रेगरी पेज’ असे नाव असे. असा कुणी माणूस नव्हता. पुढे 1950च्या दशकात बेकर विन्स कोलेटा याच्यासाठी पेन्सिलचे काम करू लागला. अ‍ॅटलस, म्हणजे आजची मार्व्हल, हिच्याकडून कोलेटा कामे घेई, ती इतरांकडून काढून घेई आणि शाई चढवून खाली स्वतःची सही करी. धंद्याच्या रीतीला धरूनच होते हे सगळे. त्यामुळे बेकरची चित्रे लाखो हातांतून गेली आणि बेकर कुणाच्या लक्षात आला नाही. तो कृष्णवर्णीय आहे, हे तर त्या काळच्या बहुतेक वाचकांच्या स्वप्नातही नसेल.

नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्सिथ काउंटीत 10 डिसेंबर 1921 रोजी त्याचा जन्म झाला आणि बालपण पिट्सबर्गमध्ये गेले. हृदय लहानपणापासून कमकुवत, म्हणून महायुद्ध चालू असताना सैन्यात घेतले गेले नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याने कूपर युनियनमध्ये कलेचे शिक्षण घेतले. 1945 साली ‘क्राउन कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात त्याने ‘व्हूडा’ नावाचा जंगलनायक काढला. अमेरिकी कॉमिक्समधल्या अगदी सुरुवातीच्या काळ्या नायकांपैकी हा एक. आतल्या पानांवर व्हूडा काळा होता. मुखपृष्ठावर आला तेव्हा गोरा झाला. चित्रकाराच्या मनात काय होते आणि दुकानात काय खपेल अशी प्रकाशकाची समजूत होती, यावर आणखी भाष्य करण्याची गरज नाही.

आता सापडले कसे, ते. बेकरचे नाव पहिल्यांदा नेटाने कुठे टिकले असेल, तर ते जुन्या कॉमिक्सच्या दरपत्रकात, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत गमतीचे सत्य वाटते. 1970 पासून निघणाऱ्या ओव्हरस्ट्रीटच्या किंमत-मार्गदर्शिकेत बारीक टायपातल्या नोंदी असतात: अमुक अंक, अमुक साल, चांगल्या प्रतीला इतके डॉलर, आणि मध्येच ‘बेकर-सी’ किंवा ‘बेकर-ए’. सी म्हणजे मुखपृष्ठ त्याचे, ए म्हणजे आतले काम त्याचे. माणसाविषयी एक ओळ नाही. पण संग्राहकांना रेघ ओळखू येत होती. सेंट जॉन प्रकाशनाच्या काही मुखपृष्ठांवर बारीक अक्षरांत ‘बेकर’ अशी सही आहे. ती चित्रे समोर ठेवून सही नसलेली ताडून पाहायची, ही त्यांची पद्धत. लांबसडक पाय, एका कमरेवर भार टाकून उभी राहण्याची ऐट, कापडाच्या चुण्या खरोखर शरीरावरून ओघळल्यासारख्या, पुरुषांच्या कोटांची बेतशीर शिवण आणि चौकटीची रेघ ओलांडून बाहेर येणाऱ्या आकृत्या. यातूनच पुढे इटलीचे अभ्यासक अल्बेर्तो बेकात्तीनी आणि अमेरिकेतले जिम व्हादेबोंकर यांनी बेकरच्या कामाची सूची बांधली. पगार नाही, विद्यापीठाचा प्रकल्प नाही. जुन्या कागदाचा नाद, एवढेच भांडवल.

सूची झाली तरी माणूस कुठे होता? तो घरच्यांकडे होता. रॉय थॉमस संपादित ‘ऑल्टर इगो’ या नियतकालिकाच्या 2005 सालच्या 47व्या अंकात जिम अमाश यांनी बेकरचे सावत्र भाऊ फ्रेड रॉबिन्सन आणि पुतणे मॅथ्यू डी. बेकर यांच्या मुलाखती घेतल्या. घरात जपलेले फोटो बाहेर आले. नीटनेटके कपडे घालणारा, देखणा, मितभाषी तरुण वाचकांना दिसला. आजारपण, कुटुंब, शहरे यांचा धागा लागला. 2012 मध्ये अमाश आणि एरिक नोलन-वेदिंग्टन यांनी ‘मॅट बेकर: द आर्ट ऑफ ग्लॅमर’ हे पुस्तक काढले. त्यात चित्रे, सूची, सहकाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या आठवणी हे सगळे एका ठिकाणी आले. 2020 मध्ये केन क्वात्रो यांच्या ‘इनव्हिजिबल मेन’ या पुस्तकाने बेकरला त्याच्या पिढीतल्या इतर कृष्णवर्णीय कॉमिक्स-चित्रकारांच्या शेजारी नेऊन बसवले.

इथेच वजनाचा प्रश्न येतो. अमुक पान बेकरचे की दुसऱ्या कुणाचे, हे पुतण्या सांगू शकत नाही. काका गेले तेव्हाच्या घरगुती आठवणींवरून शाईच्या फटकाऱ्याचा निवाडा होत नसतो. उलट, बेकर कसा होता, कशाने खचला, कुणाशी त्याचे पटे, हे मुखपृष्ठांचा ढीग पालथा घालणाऱ्या संग्राहकाला कळणे शक्य नाही, आणि तसा आव त्याने आणला तर त्याला तिथेच थांबवावे. जिव्हाळा आणि जाणकारी यांची सरमिसळ झाली की थोर माणसांच्या चरित्रांचे जे होते, ते आपल्याला ठाऊक आहे. ‘ऑल्टर इगो’च्या त्या अंकाचे मोल असे की, त्यात घरच्यांच्या मुलाखती वेगळ्या होत्या आणि बेकात्तीनी यांचा चित्रांवरचा लेख वेगळा होता. एकाच्या बळावर दुसऱ्याने काही खपवले नाही.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो खराही आहे. हे सगळे प्रेम बाजाराचे आहे, असे म्हणता येईल. ‘बेकर-सी’ ही नोंद लागली की अंकाची किंमत चढते. मग जे जे देखणे, ते ते बेकरचे म्हणण्याचा मोह विकणाऱ्याला होणारच, आणि चढलेल्या किमतीतला छदामही कुटुंबाकडे जात नाही. यातला मोहाचा भाग मला नाकारता येत नाही. म्हणूनच तर पुराव्यासह केलेली सूची लागते. शंकास्पद पान शंकास्पद म्हणून नोंदवणारा अभ्यासक हा बाजारावरचा एकमेव लगाम आहे. पैशाचे उत्तर कायद्यात आहे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार छापील कामावरचा हक्क 28 वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. फॉक्स आणि सेंट जॉन ही प्रकाशने तोवर कधीच बंद पडली होती, त्यामुळे बेकरची बरीच पाने सार्वजनिक मालकीची झाली. बॅटमॅनचा सहनिर्माता बिल फिंगर याचे उदाहरण शेजारी ठेवून पाहा. तो लेखक होता, 1974 साली उपेक्षेतच गेला. मार्क टायलर नोबलमन या चाहत्या-संशोधकाने पिच्छा पुरवला, नात अथिना फिंगर पुढे आली, आणि 2015 मध्ये डीसी कंपनीने त्याचे नाव श्रेयात घेण्याचे मान्य केले. तिथे दार ठोठवायला मालक तरी होता. बेकरच्या बाबतीत ज्याच्याकडे श्रेय मागावे असा कुणी उरलाच नव्हता. श्रेय वाचकांनीच द्यायचे होते. आणि संग्राहकांच्या हावेने एक काम मात्र केले: रद्दीत जायच्या लायकीचा म्हणून छापलेला तो स्वस्त, पिवळा पडणारा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून वाचवला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. बेकरने काढले काय? तोकड्या कपड्यांतल्या बायका. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने 1954 साली ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकात कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा घोष केला, तेव्हा पुरावा म्हणून छापलेल्या चित्रांत ‘फँटम लेडी’च्या 17व्या अंकाचे मुखपृष्ठ होते. ते एप्रिल 1948 चे. निळ्या तोकड्या पोशाखातली नायिका दोरांनी जखडलेली आहे आणि ते दोर ताणते आहे. वर्थमने चित्रकाराचे नाव दिलेले नाही; ज्याच्यावर आरोप, तोही निनावीच. हे चित्र पुरुष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी काढले होते, यात वाद नाही, आणि बेकरच्या चाहत्यांनी ते ‘कलात्मक’ म्हणून सारवण्याचे कारण नाही. पण या एका मुखपृष्ठावरून त्याची किंमत करणे म्हणजे वर्थमच्याच चष्म्यातून पाहणे झाले.

कारण बेकरचे सर्वांत चांगले काम दुसरीकडे आहे. 1948 नंतर त्याने आर्चर सेंट जॉन याच्या प्रकाशनासाठी ‘टीन-एज रोमान्सेस’, ‘पिक्टोरियल रोमान्सेस’ यांसारख्या प्रेमकथांच्या मासिकांचे काम केले, आणि ती मासिके मुली वाचत. तिथल्या तरुणी चुकतात, हट्ट करतात, नको त्या मुलाबरोबर नाचायला जातात आणि त्यातून शहाण्या होऊन घरी येतात. रडून माफी मागण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते असे नाही. बेकरने त्यांना नुसते सुंदर चेहरे दिले नाहीत, संकोच आणि विचार दिला. भुवईची एक रेघ आणि हाताची घडी यांवर तो प्रसंग तोलून धरतो. जॉन बेन्सन यांनी 2003 मध्ये ‘रोमान्स विदाउट टीअर्स’ या संग्रहात या कथा पुन्हा छापल्या. त्या शोधात या कथांमागचा डेना डच हा तितकाच विसरलेला लेखकही उजेडात आला. एका चित्रकाराचा माग काढताना एक लेखक हाती लागतो, हा अशा नादाचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. 1950 सालचे ‘इट राइम्स विथ लस्ट’ हेही याच प्रकाशनाचे. कॉपर सिटी नावाच्या गावावर मांड ठोकून बसलेली रस्ट मॅसन ही बाई, तिच्या जाळ्यात अडकलेला पत्रकार, आणि खिशात मावेल अशा पुस्तकात शंभरावर पाने काळ्या-करड्या छटांची एकच सलग गोष्ट. लेखक आर्नल्ड ड्रेक आणि लेस्ली वॉलर, शाई रे ऑसरिन याची. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रयत्न. डार्क हॉर्सने तो 2007 मध्ये पुन्हा छापला.

तिसरा आक्षेप हल्ली दबक्या आवाजात घेतला जातो: बेकर कृष्णवर्णीय नसता, तर इतका मान मिळाला असता का? उत्तर त्या दरपत्रकातच आहे. ‘बेकर-सी’ असे टिपून ठेवणाऱ्या बहुतेकांनी त्याचा फोटो कधी पाहिला नव्हता. रेघेचा निवाडा आधी झाला, वर्ण नंतर कळला. वर्ण कळल्याने चित्र चांगले किंवा वाईट झाले नाही. मात्र व्हूडा मुखपृष्ठावर गोरा का झाला आणि ते पाहताना चित्रकाराला काय वाटले असेल, हा प्रश्न त्यानंतरच विचारता आला. तो विचारायला नको होता, असे कोण म्हणेल?

घरच्यांचा आणि चाहत्यांचा हा उद्योग पुरा झालेला नाही. कोलेटाच्या सहीखाली बेकरची नेमकी किती पाने आहेत, यावर जाणकारांत आजही वाद आहेत, आणि ते वाद चालू राहावेत. एखाद्या चांगल्या माणसाला न्याय द्यायचा म्हणून दुसऱ्या अज्ञात चित्रकाराचे पान त्याच्या खात्यात टाकणे, हा पुन्हा पहिलाच अन्याय. आपल्यापुरते बोलायचे तर काम सोपे आहे. बेकरची पुष्कळ मासिके आता कुणाच्या मालकीची नाहीत, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. सुरुवात ‘फँटम लेडी’पासून न करता सेंट जॉनच्या प्रेमकथांपासून करा, आणि त्यातले एखादे चित्र आवडून कुणाला पाठवलेत, तर खाली चित्रकाराचे नाव लिहायला विसरू नका.