हेडटॉर्चचे सेल आणि उसने नियम

मराठीत बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि तिच्या पोटात असतात ते सेल. टॉर्च कपाळावर चढला, सेल चार्ज होऊ लागले, आणि ‘बॅटरी गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं हे मात्र कळेनासं झालं. ट्रेकवाले मित्र अशा ‘गेलेल्या’ बॅटऱ्या माझ्याकडे आणून देतात. सोबत सल्लेही असतात. गंमत अशी की त्यातले बरेचसे सल्ले खोटे नसतात. ते खरेच असतात, पण दुसऱ्या जातीच्या सेलचे.

‘आधी पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव.’ हा नियम निकेल-कॅडमियम सेलचा. ते अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केले की त्यांचं व्होल्टेज वेळेआधीच ढासळायचं, म्हणून अधूनमधून रिकामे करावे लागत. आजच्या हेडटॉर्चमध्ये बहुधा लिथियम-आयन सेल असतो आणि त्याला हीच शिस्त मारक ठरते. अर्ध्यावर आला की खुशाल चार्ज करा. महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर निम्मा भरलेला ठेवा.

याच सल्ल्याचा सगळ्यात मोठा बळी मात्र शेतात सापडतो. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्याच्या डोक्यावरच्या स्वस्त दिव्यात अनेकदा चार व्होल्टची बंद शिसं-आम्ल बॅटरी असते. हंगाम संपतो, दिवा आहे तसा उतरलेला खुंटीला लागतो, आणि पुढच्या रब्बीत काढावा तर चार्जच धरत नाही. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ते मग सुटत नाहीत. ही बॅटरी पूर्ण भरूनच टांगायची, आणि पडून असली तरी महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करायची.

‘रिचार्जेबल सेल दीडऐवजी सव्वा व्होल्टचेच, म्हणजे कमजोर.’ आकडा जवळपास बरोबर, निष्कर्ष चुकीचा. निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट छापलेलं असतं, अल्कलाइनवर १.५. पण अल्कलाइनचं व्होल्टेज पहिल्या मिनिटापासून उतरणीला लागतं आणि अर्ध्या वाटेवर तोही १.२ च्या आसपास येतो. निकेलवाला तिथेच बराच वेळ टिकून राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. खरी पंचाईत इथे आहे. अल्कलाइनचा उजेड हळूहळू पिवळट होत जातो, तीच त्याची पूर्वसूचना. निकेलवाला कळसूबाईच्या शिडीवर मध्येच डोळे मिटतो. शिवाय अल्कलाइनच्या हिशेबाने बसवलेला दिव्याचा निर्देशक त्याच्याबाबतीत सुरुवातीपासूनच चुकीचं सांगतो. त्यामुळे निर्देशकावर विसंबू नका, भरलेला दुसरा संच खिशात ठेवा.

संच म्हणताना मी शब्दशः संच म्हणतोय. तीन बारीक सेलचा टॉर्च लवकर मिटायला लागला की लोक तिन्ही फेकून देतात. बहुतेकदा दोषी एकच असतो. टॉर्च मिटताक्षणी सेल काढून मल्टीमीटर लावा. दोन सेल १.१-१.२ दाखवतात आणि तिसरा ०.३, असं दिसलं की चोर सापडला. हा दुबळा सेल आधी रिकामा होतो, उरलेले दोघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो आणखी बिघडतो. नवा-जुना किंवा दोन कंपन्यांचा माल एकत्र घालू नये तो याचसाठी. मी मार्कर पेनने प्रत्येक संचावर एकच अक्षर लिहून ठेवतो; घरच्यांनी त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळात घातला की लगेच पकडला जातो.

‘जास्त एमएएच, जास्त चांगला.’ १८६५० या आकाराचा लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या आकाराचे नावाजलेले सेल फार तर ३५००-३६०० एमएएचच्या आसपास असतात. तरी बाजारात ९९०० छापलेले सेल सर्रास मिळतात. असा सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीसच भरला तर आत काय आहे याचा अंदाज तुम्हीच करा. खोक्यावरचे ‘४० तास’ही तपासून घ्यावेत. टॉर्चच्या एफएल-१ मानकानुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. शेवटचे कित्येक तास तुम्ही त्या उजेडात फार तर चपला शोधाल.

उन्हात ठेवलेले सेल थोडा वेळ चालायचे, ते जुने झिंक-कार्बनचे. लिथियमला ऊन दाखवू नका. फ्रिजही नको, दव धरतं. हिमालयात थंडीने टॉर्च मंदावला तर सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, पण शून्य अंशाखाली चार्ज करू नका.

‘अ‍ॅसिड गळालं, टॉर्च गेला.’ अल्कलाइन सेलमधून गळतं ते आम्ल नव्हे, अल्कली. म्हणून स्प्रिंगवरची पांढरी खपली सोड्याने हलत नाही. कानाच्या काडीवर लिंबाचा थेंब घेतला तर ती फसफसून सुटते. नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा.

आणि ‘चार्जच होत नाही’ ही तक्रार. गेल्या महिन्यात भाच्याने नवा कोरा टॉर्च आणला, फोनच्या चार्जरला लावला, लाल दिवाच लागेना. मी कपाटातली जुनी केबल काढली, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली, आणि ती जुन्या चार्जरला लावली. दिवा लागला. दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर तेव्हाच वीज सोडतो, जेव्हा पलीकडच्या उपकरणात ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर सापडतो. स्वस्त टॉर्चमध्ये तेवढीच काटकसर केलेली असते. दुकानदाराशी भांडण्याआधी केबल बदलून बघा.

फुगलेल्या लिथियम सेलवर मात्र कुठलाच उपाय करू नका. तो टोचू नका, चार्जिंगला लावू नका, आणि घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्या. घंटागाडीत दाबला गेलेला सेल पेट घेऊ शकतो, आणि त्या गाडीवर माणसं असतात.