कोर्स मोफत, मग पोरं परत का येतात?

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 25 सप्टेंबर 2014 रोजी सुरू झाली. गरीब घरातल्या तरुणांना तीन ते बारा महिने शिकवायचं आणि पगाराच्या नोकरीला लावायचं, हे तिचं काम. महाराष्ट्रात ती ‘उमेद’ अभियानामार्फत चालते. तरीही पारावर तिच्याविषयी भलतंच ऐकायला मिळतं.

गैरसमज : ‘सीट पक्की करायला पैसे लागतात.’
उमेदवाराने एक रुपयाही द्यायचा नसतो. शिकवणीचा खर्च योजना करते, निवासी केंद्र असेल तर राहण्या-जेवणाचाही. मधला माणूस पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे.

गैरसमज : ‘पिवळं रेशनकार्ड नसेल तर नाव लागत नाही.’
कार्ड हा एक मार्ग झाला. घरातल्या कुणी रोजगार हमीवर आदल्या वर्षी 15 दिवस काम केलं असेल किंवा आई बचतगटात असेल, तरी त्या घरातलं मूल पात्र ठरतं. मूळ नियमांत वय 15 ते 35 आहे. महिला, अपंग, तृतीयपंथी आणि वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी 45 पर्यंत. निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि एकूण जागांपैकी एक तृतीयांश महिलांसाठी आहेत.

गैरसमज : ‘पोरं आळशी. महिनाभरात नोकरी सोडून गावी येतात.’
हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. गडचिरोलीचा मुलगा चाकणच्या कारखान्यात लागला, असं धरा. पगार महिना भरल्यावर हातात येणार. खोलीचं डिपॉझिट, खानावळीची आगाऊ रक्कम आणि येण्या-जाण्याचं भाडं मात्र पहिल्याच आठवड्यात लागतं. घरून पाठवायला काही नसतं. त्यात रात्रपाळी, अनोळखी शहर, आजारी पडलं तर बघणारं कुणी नाही. अशा वेळी तो गावची एसटी पकडतो, त्याला आळस कसं म्हणायचं?

योजना आखणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून नोकरी लागल्यावर दरमहा 1000 रुपये देण्याची तरतूद आहे : जिल्ह्यातच काम मिळालं तर दोन महिने, राज्यात दुसरीकडे तर तीन, राज्याबाहेर सहा. तरतूद योग्य आहे, रक्कम अपुरी आहे. एवढ्यात शहरात महिन्याची खानावळही भागत नाही.

गैरसमज : ‘सर्टिफिकेट मिळालं की नोकरी ठरलेली.’
प्रशिक्षण संस्थेवर किमान 70 टक्के मुलांना नोकरी लावून देण्याचं बंधन आहे. म्हणजे दहातल्या तिघांचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा : आधीच्या तुकडीतली किती मुलं तीन महिन्यांनंतरही कामावर आहेत?

गैरसमज : ‘गाव सोडल्याशिवाय प्रशिक्षणाचा उपयोग नाही.’
गावातच शिवणकाम, शेळीपालन, मोबाईल दुरुस्ती करायची असेल, तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. 1982 मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे सुरू झालेल्या संस्थेवरून त्यांची कल्पना आली. शिकवणं, राहणं, जेवण मोफत. कोर्सनंतर दोन वर्षं पाठपुरावा आणि बँक कर्जासाठी मदतही मिळते.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या कक्षात किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत त्यांच्यासोबत एकदा जा. आणि पोरगं शहरात नोकरीला लागलं, तर पहिले तीन महिने त्याला आठवड्यातून एक फोन नक्की करा.