मुलांच्या बातमीला मान

पाया : संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. तिचं कलम १७ थेट प्रसारमाध्यमांविषयी आहे. भारताने डिसेंबर १९९२मध्ये तिला मान्यता दिली.

मीना पुरस्कार : युनिसेफ बांगलादेशने २००५मध्ये सुरू केलेला हा माध्यम पुरस्कार. मीना ही दक्षिण आशियाई कार्टूनमधली शाळेसाठी हट्ट धरणारी मुलगी. तिचं रूप साकारलं भारतीय अॅनिमेटर राम मोहन यांनी. विशेष म्हणजे, १८ वर्षांखालच्या बातमीदारांसाठी इथे स्वतंत्र गट आहे. म्हणजे मुलं केवळ बातमीचा विषय नाहीत, ती बातमी लिहितातही.

वर्षातलं छायाचित्र : युनिसेफ जर्मनी २०००पासून मुलांच्या जगण्यावरील छायाचित्रांचा सन्मान करते.

पुलित्झर : अमेरिकेतला हा पत्रकारिता पुरस्कार २००३मध्ये सोनिया नझारिओ यांना, आईच्या शोधात होंडुरासहून अमेरिकेला निघालेल्या मुलावरील वृत्तमालिकेसाठी. २०२४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हॅना ड्रायर यांना, अमेरिकेत राबणाऱ्या स्थलांतरित बालकामगारांवरील शोधपत्रकारितेसाठी. कंपन्या आणि सरकार कुठे चुकलं, हेही त्यांनी दाखवलं.

लक्ष्मणरेषा : भारतातल्या बाल न्याय कायदा, २०१५चं कलम ७४ कायद्याशी संघर्षात आलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलांचं नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र छापण्यास मनाई करतं. शिक्षा : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बातमी कितीही मोठी असली तरी ही अट सुटत नाही.