शंभर दाण्यांची परीक्षा

'उमेदवार' या शब्दाची निवडणुकांनी पार रया घालवली आहे. आज उमेदवार म्हटले की फलकावरचे हात जोडलेले हसरे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पण आपल्या पणजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करणारा तरुण. 'उमेद' हा शब्द आपण फारसीकडून घेतला. त्याचा अर्थ आशा. आज ना उद्या एखादी जागा रिकामी होईल या आशेवर तो बापडा कारकुनाच्या हाताखाली राबे, नकला उतरवी आणि त्यातच कारकुनी शिके. हल्ली घरोघरी जिचा जप चालतो ती इंटर्नशिप म्हणजे या उमेदवारीचीच इंग्रजी शिकलेली नात!

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या नातीला मानाचे पान वाढले. महाराष्ट्रात 2023 पासून एम.ए.च्या पहिल्याच वर्षाच्या आराखड्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आला. तेव्हापासून पालक मला विचारतात, "सर, कारखान्यात इंजिनियर जाईल, बँकेत कॉमर्सवाला जाईल, मराठीच्या मुलांना कसली हो इंटर्नशिप?" प्रश्न वाजवी आहे. माझा एक विद्यार्थी महिनाभर एका कचेरीत जाऊन बसला आणि गुळगुळीत कागदावरचे प्रमाणपत्र घेऊन आला. "काय शिकलास?" म्हणून विचारले तर म्हणाला, "सर, मध्ये आठवडाभर मी तापाने निजून होतो. मी आलो नाही हे तिथे कुणाच्या लक्षातसुद्धा आले नाही." त्याच्या या एका वाक्यात सगळी मेख आहे. जिथे आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही, तिथे माणूस शिकणार तरी काय?

तसे पाहिले तर काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने 1906 साली इंजिनियरिंगच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात धाडायला सुरुवात केली. इतक्या दूर कशाला जा? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतली गरीब मुले 'कमवा आणि शिका' म्हणत हाती कुदळ-फावडे घेऊन शिकली. त्यांच्या श्रमावर त्यांची भाकरी अवलंबून होती. तिथे चुकारपणाला जागाच नव्हती.

याच कल्पनेचे एक जिवंत रूप मला आमच्या परभणी जिल्ह्यात पाहायला मिळाले. राणीसावरगाव हे माझे आजोळ. गंगाखेड तालुक्यातले गाव. गोदाकाठचे गंगाखेड संत जनाबाईंमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथून दक्षिणेकडे निघालात की काळ्या रानांचा सपाट मुलूख मागे पडतो आणि बालाघाटाचे डोंगर जवळ येऊ लागतात. परभणीला 1956 साली कृषी महाविद्यालय निघाले, 1972 साली मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ झाले आणि 2013 साली त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात जाऊन काम करावे लागते. मुलगे असले तर 'कृषिदूत' आणि मुली असल्या तर 'कृषिकन्या', अशी गोड नावे त्यांना मिळाली आहेत. आठ-दहा जणांचा गट एका गावात येतो आणि प्रत्येकाला एक यजमान शेतकरी नेमून दिलेला असतो. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढायचा, मातीचे नमुने घ्यायचे, निंबोळी अर्क करून दाखवायचा, आणि रोजची रोजनिशी लिहायची.

त्या साली मिरगाने दगा दिला होता आणि पेरण्या खोळंबल्या होत्या. आमच्या मामांच्या शेजारचे एक वयस्क शेतकरी दोन कृषिकन्यांचे यजमान झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारत विचारले, "लेकरांनो, शिकवायला आलाव का शिकायला?" त्यातली धीट पोरगी म्हणाली, "काका, दोन्हीला!"

त्यांच्या घरी सोयाबीनचे घरचेच बियाणे राखलेले होते. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक. काढणीत पाऊस लागला, पोती उंचावरून आदळली किंवा थप्पी फार चढली, की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा मात्र टपोराच दिसतो. मुलींनी त्यातले शंभर दाणे मोजून घेतले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडले, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवले आणि त्यावर रोज पाणी शिंपडले. सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडली तेव्हा ओसरीवर जत्रा जमली होती. दहावी-बारावीच्या निकालालासुद्धा एवढी शांतता नसते. शंभरांतले चौसष्ट उगवले होते!

सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी पुरते. पुढे कमी भरणाऱ्या प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो बी वाढवावे, असा ठोकताळा आहे. म्हणजे एकरी तेहतीस किलो. मुलीने ते सांगितले, पण तिचा आवाज कापत होता. कॉलेजात गणित चुकले तर दोन गुण जातात. इथे चुकले असते तर एका घराचा खरीप गेला असता. ती त्या रात्री तीनदा हिशेब करून मग झोपली, असे तिच्या मैत्रिणीने मला हसत हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही. एवढी जबाबदारी आम्ही वर्गात चार वर्षांत तरी कुठे देतो?

उसनवारी एकाच बाजूने झाली नाही. बी किती खोल पडावे ते पुस्तकात सेंटिमीटरमध्ये होते. काकांनी ते बोटांत शिकवले. मूठभर माती दाबून, ढेकूळ हातावर फोडून वापसा कसा ओळखावा ते दाखवले. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकायच्या, त्याला त्यांनी 'इरवड' म्हटले. मुलींच्या रोजनिशीत 'आंतरपीक' खोडून वर 'इरवड' लिहिलेले पाहिले आणि माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला.

'मराठीच्या मुलांना कसली इंटर्नशिप?' या प्रश्नाचे उत्तर मला त्या रोजनिशीत सापडले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. पण औषधाच्या डब्यावरचा इवलासा मजकूर फवारणाऱ्याला वाचता येणे, समजणे, ही तर पहिली पायरी. डब्यावर रंगीत खूण असते: लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, मग निळी, आणि हिरवी सर्वांत सौम्य. हे शेतावर किती जणांना ठाऊक असते?

पुढच्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनी मी राणीसावरगावी नेल्या. त्यांना काम एकच दिले: या खुणांची आणि फवारणीतल्या काळजीची माहिती एका पानात लिहायची, ती कृषीच्या जाणकाराकडून तपासून घ्यायची आणि शेतावर वाचून दाखवायची. पहिला खर्डा फार विद्वान झाला होता. 'अतिविषारी', 'प्रतिबंधात्मक', 'संरक्षक पेहराव', सगळे शब्द हजर! खुरपणीच्या बायांनी तो मुकाट ऐकला. मग एक आजी म्हणाल्या, "बाई, अतिविषारी म्हंजे जहरच ना? मग जहर म्हणा की!" 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखात 'जहर' शब्द घरचाच आहे. मुलींनी ते पान चार वेळा बदलले. माझ्या लाल शाईने चार वर्षांत त्यांना साध्या भाषेचे जे महत्त्व पटले नव्हते, ते बांधावरच्या आजीने एका वाक्यात पटवले.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाला काम कुठे मिळाले, कंपनी किती मोठी, कचेरीत थंड हवेचे यंत्र आहे की नाही, हे जरूर विचारा. आईबापांच्या जिवाला तेवढा घोर असायचाच. पण त्याबरोबर आणखी एक विचारा: "बाळ, तू उद्या गेला नाहीस तर कुणाचे अडेल?" या प्रश्नाला मुलाने एखाद्या माणसाचे नाव सांगितले, तर निश्चिंत असा. त्याची उमेदवारी सत्कारणी लागली आहे.