जावेची गोळी

मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला. सगळ्या उठल्या, पण एक जण चप्पल शोधायचं निमित्त करून मागे रेंगाळली. इतर बाया गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट आमच्यापुढे धरलं. म्हणाली, "ताई, ही गोळी माझ्या जावेला लागू पडली. तिला जुळी झाली. मी पण दोन महिने घेतली. आता डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतं. घेऊ का पुढं?"

तिच्या लग्नाला चार वर्षं झाली आहेत. घरात कोण काय बोलतं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे. मात्र गोळी आजपासून बंद कर, असं तिला आम्ही तिथंच सांगितलं. या औषधानं नजरेत फरक पडला तर पुढची गोळी घ्यायचीच नसते, डॉक्टरांना दाखवायचं असतं.

त्या पाकिटातली गोळी होती क्लोमिफीन. बीज तयार होऊन सुटावं म्हणून देतात ती. १९६० च्या दशकापासून हे औषध वापरात आहे आणि लाखो घरांत त्यानं पाळणा हलला आहे. म्हणजे औषध वाईट नाही. पण दुसरीच्या नावानं आलेली गोळी आपल्या पोटात का जाऊ नये, हे समजायला आधी बीज कसं सुटतं ते पाहू.

बाईच्या पोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एक-एक बीजकोश असतो. दर महिन्याला त्यात काही बीजं वाढायला लागतात, त्यातलं साधारण एकच पूर्ण पिकतं आणि सुटतं. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी ते सुटतं. सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं. हा हुकूम येतो मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीकडून. आपल्या घरावरची पाण्याची टाकी आणि मोटार आठवा. टाकी भरली की मोटार बंद होते. तसं बीजकोशातून येणारा रस रक्तात पुरेसा झाला की मेंदू हुकूम कमी करतो. क्लोमिफीन मेंदूला भासवतं की टाकी रिकामी आहे. मग मोटार जोरात चालते आणि बीज पिकतं. लेट्रोझोल नावाची दुसरी गोळी काही दिवस तो रसच कमी बनू देते. परिणाम तोच.

लेट्रोझोलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यावरून बाया घाबरतात. ही गोळी मुळात स्तनाच्या कॅन्सरची. मुलासाठी ती द्यायला आपल्या देशात २०११ मध्ये बंदी आली आणि २०१७ मध्ये ती बंदी उठली. त्यामुळे कोणी म्हणतं "ती तर कॅन्सरची गोळी", कोणी म्हणतं "बंदी आहे तिच्यावर". आज मात्र ज्यांना पीसीओएस आहे, म्हणजे बीजकोशात बारीक बारीक बीजं अर्धवट अडकून राहतात आणि पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते, त्यांना बहुतेक डॉक्टर हीच आधी देतात. २०१४ मध्ये अमेरिकेत अशा ७५० बायांवर झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांत शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांत एकोणीस जणींना. दिवस गेलेले असताना मात्र ती अजिबात घ्यायची नाही. म्हणून पाळी लांबली की "उशीर झालाय" म्हणून पुढचं पाकीट उघडायचं नाही, आधी लघवीची तपासणी करायची.

आता जावेच्या गोळीकडे या. जावेचं बीज सुटत नव्हतं, म्हणून तिला ती लागू पडली. हिची पाळी तर दर महिन्याला घड्याळासारखी येते. म्हणजे बहुधा बीज सुटतच असणार. मग अडचण दुसरीकडेच असेल. गर्भनलिका बंद असल्या तर कितीही बीजं पिकवा, ती पोचणार कुठे? आपल्याकडे टीबीमुळेही नलिका बंद होतात, आणि खोकला नसला तरी हा टीबी असू शकतो. थायरॉईड बिघडलेलं असलं तर आधी त्याची गोळी लागते.

आणि नवऱ्याचं काय? दहा जोडप्यांतल्या चार-पाच जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. तरी बाई चार वर्षं गोळ्या खाते, दोरे बांधते, उपास करते, आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी झालेली नसते. ही तपासणी स्वस्त आणि बिनदुखण्याची. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही आणि लॅबमध्ये नमुना द्यायचा, एवढंच. गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. पुरुष तयार होत नाहीत, हे आम्हाला कळतं. काही जणींनी आशाताईंना पुढे करून, काही जणींनी "डॉक्टर म्हणाले, दोघांची झाल्याशिवाय औषधच देणार नाही" असं सांगून ते जमवलं आहे. डॉक्टर खरंच तसं म्हणतात, त्यामुळे यात खोटं काही नाही.

लग्नानंतर वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत तर दाखवावं. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं. पाळीच महिनोन् महिने येत नसेल तर वर्षाचीही वाट पाहू नये.

औषध सुरू झालं की गोंधळ होतो तो दिवस मोजण्यात. गोळी बहुधा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांपैकी एका दिवशी सुरू करून पाच दिवस घ्यायची असते. आपल्याकडे पुष्कळ जणी चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हातात आणि तिथून पहिला दिवस धरतात. मग गोळीही चुकते आणि सोनोग्राफीची तारीखही. रक्त नीट सुरू झालं तो पहिला दिवस. कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशेब लिहिता तिथंच एक फुली मारून ठेवा.

गोळी कमीत कमी ताकदीची सुरू करतात. क्लोमिफीन असेल तर बहुतेकदा ५० मिलीग्रॅमची एक. गुण आला नाही म्हणून मनानं दोन घ्यायच्या नाहीत, कारण जास्त गोळ्यांनी जास्त बीजं पिकू शकतात. दहाव्या-बाराव्या दिवसापासून सोनोग्राफी करून बीजाचं घर किती वाढलं ते पाहतात. १८ ते २० मिलीमीटर झालं की ते पिकत आलं असं धरतात. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवावा. तीन-चार बीजं एकदम पिकलेली दिसली तर डॉक्टर सांगतात, या महिन्यात संबंध टाळा. ऐकायला वाईट वाटतं, महिना वाया गेला असं वाटतं. पण एकदम तिळं राहिलं तर आईचा जीव आणि बाळांचे जीव दोन्ही धोक्यात येतात. क्लोमिफीनवर दिवस राहिलेल्या शंभर जणींत साधारण पाच ते आठ जणींना जुळं राहतं. जुळं म्हटलं की लोक पेढे वाटतात, पण जुळी बाळं पुष्कळदा दिवस भरण्याआधी, कमी वजनाची होतात.

अंगात गरम वाफा येणं, डोकं दुखणं, चिडचिड, पोट थोडं जड वाटणं, हे गोळ्यांनी होतं आणि जातं. पण पोट फुगून ताणलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, दम लागला, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. बीजकोश प्रमाणाबाहेर सुजल्याची ती खूण असते. गोळ्यांनी हे क्वचित होतं, बीज वाढवण्याच्या इंजेक्शनांनी जास्त. म्हणून ती इंजेक्शनं सोनोग्राफीची सोय नसलेल्या ठिकाणी घेऊच नयेत. दिवस राहिल्यावर पोटात एका बाजूला जोरात दुखून चक्कर आली, तरीही लगेच निघायचं. गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो.

पीसीओएसवाल्या शंभर जणींत क्लोमिफीननं सत्तर-ऐंशी जणींचं बीज सुटतं, पण दिवस सगळ्यांना जात नाहीत. सहा पाळ्यांनंतरही काही झालं नाही तर तीच गोळी ओढत न बसता डॉक्टरांना पुढचा रस्ता विचारायचा. वजन जास्त असलेल्यांनी शंभरातले पाच ते दहा किलो उतरवले, म्हणजे ७० किलोच्या बाईनं साडेतीन ते सात किलो, तरी काहींची पाळी औषधाविना रुळावर येते. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र दिवस जायच्या आधीपासूनच सुरू करावी.

आणि कोणी "मुलगाच होईल" म्हणून पुडी दिली तर ती घेऊ नका. यातल्या कोणत्याही औषधानं मुलगा की मुलगी हे ठरत नाही.

गोळी बंद केल्यावर तिच्या डोळ्यांपुढचे काजवे थांबले. ती नवऱ्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. आधी तोच तपासला गेला आणि दोष त्याच्याकडे निघाला, उपचार होण्यासारखा. आता औषध त्याचं चालू आहे. जावेनं विचारलं तर काय सांगायचं, असं ती आम्हाला विचारत होती. आम्ही म्हटलं, तुमच्या दोघांचं तुम्ही ठरवा.