आवाजाची घडण

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर हरियाणातील पानिपत हे शहर आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या शहराबाहेर ‘काला अंब’ नावाचे एक स्थान आहे. काला अंब म्हणजे काळा आंबा. तेथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते आणि रणभूमीवर सांडलेल्या रक्तामुळे त्याची पाने काळपट झाली, अशी आख्यायिका आहे. आता ते झाड नाही. तेथे विटांचा स्मृतिस्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी याच परिसरात सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्य आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात घनघोर युद्ध झाले. मराठ्यांचा दारुण पराभव झाला. सर्वनाश झाला, या अर्थाने ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला तो त्यामुळेच.

या युद्धाविषयी पत्रे, बखरी आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची वर्णने उपलब्ध आहेत. सैन्याची रचना कशी होती, तोफा कोणाकडे होत्या, विश्वासराव केव्हा पडले, हे त्यांवरून कळते. परंतु त्या दिवशीचा एकही आवाज आज कोणाला ऐकता येणार नाही. ध्वनी साठवून पुन्हा ऐकविणारे एडिसनचे फोनोग्राफ हे यंत्र १८७७ साली तयार झाले, म्हणजे युद्धानंतर तब्बल ११६ वर्षांनी. त्यामुळे नाटकात, चित्रपटात किंवा ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमात पानिपतच्या तोफा गर्जतात, तेव्हा तो आवाज १७६१ सालचा नसतो. तो कोणीतरी विचारपूर्वक घडविलेला असतो. असा आवाज घडविण्याच्या कलेला ध्वनिसंकल्पन म्हणतात, आणि त्यासाठी आज वापरले जाणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे डिजिटल सिंथेसायझर.

आवाज घडवायचा तर तो कशाचा बनलेला असतो, हे आधी समजून घ्यावे लागते. वस्तू कंप पावते, ते कंपन हवेतून कानापर्यंत येते आणि ध्वनी ऐकू येतो. एका सेकंदात किती कंपने होतात, त्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. मनुष्याला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतो. आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगितले जातात. पहिला उच्चनीचता, ती वारंवारतेवर अवलंबून असते. दुसरा लहानमोठेपणा, कंपन जितके जोरदार, तितका नाद मोठा. तिसरा गुण म्हणजे नादाची जाती. बासरी आणि सतार यांवर एकच स्वर सारख्याच जोराने वाजविला, तरी डोळे मिटून ऐकणारा वाद्य ओळखतो, तो या जातीमुळे.

नादाची जाती उपस्वरांमुळे ठरते. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, की मूळ षड्जाबरोबर काही वेळाने गंधारही ऐकू येतो. तो गंधार कोणी वाजविलेला नसतो. तार एकाच वेळी संपूर्ण लांबीने आणि तिच्या लहान लहान भागांनीही कंप पावते. त्या भागांच्या कंपनांतून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे उपस्वर निर्माण होतात. त्यांपैकी पाचपट वारंवारतेचा उपस्वर म्हणजेच हा गंधार. कोणते उपस्वर किती प्रमाणात मिसळले आहेत, त्यावर प्रत्येक वाद्याचा रंग ठरतो.

सिंथेसायझर हे वाद्य नेमके याच ज्ञानावर उभे आहे. त्याला पेटीसारख्या पट्ट्या असल्या, तरी पेटीत हवेने कंप पावणाऱ्या पितळी स्वरपट्ट्या असतात, तशी कोणतीही कंप पावणारी वस्तू येथे आवाज तयार करीत नाही. येथे विजेच्या साहाय्याने कंपने निर्माण केली जातात आणि ती ध्वनिवर्धकातून ऐकू येतात. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपले सिंथेसायझर लोकांपुढे आणले. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. पुढे डिजिटल तंत्र आले. डिजिटल यंत्रात ध्वनीची लहर आकड्यांच्या रूपात असते. उदाहरणार्थ, कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या आवाजासाठी लहरीची ४४,१०० वेळा नोंद घेतलेली असते. जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली आणलेले डीएक्स७ हे डिजिटल सिंथेसायझर जगभर गाजले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेली ध्वनिनिर्मितीची पद्धत त्यात वापरली होती.

सिंथेसायझरवर आवाज घडविण्याच्या मुख्यतः तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी कच्चा माल निवडण्याची. यंत्रातील ऑसिलेटर हा भाग निरनिराळ्या आकारांच्या लहरी निर्माण करतो. साइन लहरीत केवळ मूळ स्वर असतो, म्हणून ती गुळगुळीत आणि साधी वाटते. करवतीच्या दातांसारख्या लहरीत सर्व उपस्वर असतात, म्हणून ती तेजस्वी आणि कडक वाटते. याशिवाय यंत्र गोंगाटही निर्माण करू शकते. त्यात सर्व वारंवारता एकत्र मिसळलेल्या असतात. पावसाच्या सरीसारखा तो ऐकू येतो.

दुसरी पायरी गाळण्याची. फिल्टर हा भाग चाळणीसारखे काम करतो. त्याने वरच्या वारंवारता अडविल्या, की तोच आवाज मऊ, दबका किंवा दूरचा वाटू लागतो. तिसरी पायरी आवाजाला काळाचा आकार देण्याची. प्रत्येक ध्वनीला आयुष्य असते: तो उठतो, किंचित उतरतो, काही काळ टिकतो आणि विरतो. यंत्रावर या चार अवस्था अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज या नावांनी ओळखल्या जातात. तबल्याचा ठोका क्षणात उठतो आणि लगेच विरतो. सारंगीचा स्वर हळूहळू उमलतो आणि गज फिरत असेपर्यंत टिकतो. हा आकार बदलला, तर एकाच लहरीतून ठोकाही घडविता येतो आणि लांब स्वरही.

आता पुन्हा काला अंबकडे वळू. समजा, पानिपतच्या युद्धावरील एखाद्या नाटकासाठी तोफेचा आवाज घडवायचा आहे. त्यासाठी गोंगाट आणि खोल साइन लहर असे दोन घटक घेतात. गोंगाटाचा उठाव अत्यंत जलद ठेवतात, म्हणजे स्फोटाचा तडाखा मिळतो. साइन लहरीची वारंवारता सुरुवातीला साधारण १०० हर्ट्झ ठेवून ती झपाट्याने ४० हर्ट्झपर्यंत खाली आणतात, म्हणजे जमीन हादरल्याचा भास होतो. शेवटी विरण्याचा काळ वाढवितात, म्हणजे आवाज मैदानावर घुमत गेल्यासारखा वाटतो.

एवढ्याने काम संपत नाही. तोफ किती अंतरावर आहे, हेही ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. हवेतून दूर जाताना ध्वनीतील वरच्या वारंवारता आधी क्षीण होतात. म्हणून जवळची तोफ कडाडते, तर दूरची नुसती धुमधुमते. हा फरक फिल्टरने साधतो. शिवाय ध्वनी हवेत एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवरील तोफेचा उजेड आधी दिसतो आणि आवाज जवळपास तीन सेकंदांनी येतो. उजेड आणि आवाज एकाच क्षणी दाखविले, तर दूरची तोफ अगदी समोर असल्यासारखी वाटते. इब्राहिमखान गारदीच्या मोठ्या तोफा आणि अब्दालीच्या उंटांवरील जंबूरक नावाच्या लहान तोफा यांचे आवाजही वेगळे ठेवावे लागतात. लहान तोफेचा आवाज उंच, तुटक आणि लवकर विरणारा घडवावा लागतो.

तुतारीसाठी करवती लहर उपयोगी पडते. मात्र तुतारी जोराने फुंकली, की तिचा नाद केवळ मोठा होत नाही, तर अधिक तेजस्वीही होतो. म्हणून आवाज वाढेल तसा फिल्टर उघडत न्यावा लागतो. चर्मवाद्यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून त्यातून स्पष्ट स्वर ऐकू येत नाही. तबला आणि मृदंग यांवर मात्र शाईच्या लेपामुळे ते जवळजवळ पूर्ण पटीत येतात आणि वाद्य सुरात बोलते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. ज्याला हा फरक ठाऊक नाही, त्याने घडविलेला रणनगारा तबल्यासारखा सुरेल वाजेल आणि प्रसंगाचा रसभंग होईल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राची कळ दाबण्यापूर्वी कानांनी पुष्कळ ऐकलेले असावे लागते. आकाशवाणीवरील श्रुतिकांसाठी नारळाच्या करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा आणि पत्रा हलवून ढगांचा गडगडाट निर्माण करणारे कलावंतही हेच करीत असत. साधन बदलले, तरी बारकाईने ऐकण्याची गरज बदललेली नाही.

मुंबईतील चरणजित सिंग यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या या कलावंताने १९८२ साली जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले आणि त्याची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले. कारण पुढे काही वर्षांनी शिकागो शहरात उदयाला आलेल्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. यंत्रे जपानी होती आणि ती इतरांनाही उपलब्ध होती. परंतु मींड कशी घ्यावी, रागाचे स्वर कोणत्या क्रमाने लावावेत, ही जाण त्या यंत्रांत नव्हती. ती वादकापाशी होती.

ध्वनिसंकल्पनाच्या कामात आणखी एक जबाबदारी असते. २०१९ साली आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा चित्रपट आला. त्याचे संगीत अजय-अतुल यांचे आहे. असा चित्रपट पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकाच्या मनात त्या युद्धाचा आवाज कायमचा ठसतो. बखर वाचतानाही त्याला तोच ऐकू येऊ लागतो. म्हणून आवाज केवळ मोठा असून चालत नाही. तो प्रसंगाशी प्रामाणिक असावा लागतो. मराठी सैन्य त्या दिवशी अनेक दिवसांच्या उपासमारीनंतर रणात उतरले होते. सैन्याबरोबर स्त्रिया आणि यात्रेकरूही होते. त्यांची व्यथा सततच्या गडगडाटात बुडून जाते. अशा वेळी तोफा थांबवून केवळ वाऱ्याचा हलका आवाज ठेवणे, किंवा काही क्षण पूर्ण शांतता ठेवणे, हाही ध्वनिसंकल्पनाचाच भाग असतो.

आज ही कला शिकण्यासाठी महागडे यंत्र असलेच पाहिजे, असे नाही. संगणकावर आणि मोबाइलवर चालणारे अनेक सिंथेसायझर विनामूल्य मिळतात. नाट्यस्पर्धा, लघुपट, ध्वनिप्रकाशाचे कार्यक्रम आणि संगणकीय खेळ यांसाठी आवाज घडविणाऱ्यांची गरज असते. नवशिक्याने प्रथम घरातीलच एखादा आवाज निवडावा: कुकरची शिट्टी, पाण्याच्या हंड्यावर पडलेली टिचकी किंवा दाराची कडी. तो कसा उठतो, किती टिकतो, कसा विरतो, हे लिहून काढावे आणि मग यंत्रावर घडवून पाहावा. पहिल्या प्रयत्नात तो हुबेहूब साधत नाही. पण कोठे चुकले हे शोधता शोधता कान तयार होतो.

दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आणि हरियाणातून अनेक लोक काला अंबला जमतात आणि युद्धात पडलेल्यांना आदरांजली वाहतात. १७६१ सालचा आवाज तेथील हवेत उरलेला नाही आणि कोणतेही यंत्र तो परत आणू शकत नाही. तो ऐकविण्याचे काम पुढील पिढ्यांतील कलावंतांकडे आले आहे. जो इतिहास नीट वाचतो आणि भोवतालचे आवाज लक्षपूर्वक ऐकतो, त्यालाच ते साधते.